आठ किलोमीटर खोल राहणारा स्नेलफिश चिरडत कसा नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मारियाना ट्रेंचमध्ये, म्हणजे पॅसिफिकच्या तळातल्या त्या लांबलचक दरीत, आठ किलोमीटर खोल एक मासा राहतो म्हणे, मग एवढ्या दाबाखाली तो चिरडत कसा नाही, त्या अंधारात खातो काय, आणि ट्रेंच जर जवळजवळ अकरा किलोमीटर खोल आहे तर हा आठलाच का थांबला. शेवटी असंही विचारलंय की जिवंत वर आणून टँकमध्ये ठेवता येईल का. मी खोल पाण्यातल्या माशांवर बरीच वर्षं काम करतोय, म्हणजे निम्मा वेळ खाली सोडलेल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघण्यात जातो आणि निम्मा बरणीतले मासे चिरण्यात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत असाल तेव्हाच वाचा.

आधी मासा कुठला ते क्लिअर करतो, कारण खोल समुद्र म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच तो कपाळावर दिवा आणि तोंडात सुयांसारखे दात असलेला अँगलरफिश येतो. तो बिचारा या हिशोबाने वरच्या मजल्यावरचा, बहुतेक जाती एक-दोन हजार मीटरच्या आसपास असतात. आपण बोलतोय तो मारियाना स्नेलफिश, शास्त्रीय नाव स्यूडोलिपॅरिस स्वायरी. याला अधिकृत नाव मिळालं २०१७ मध्ये, २०१४ आणि २०१७ च्या मोहिमांत ट्रॅपमध्ये आलेल्या ३७ माशांवरून. स्वायरी हे नाव हर्बर्ट स्वायर यांच्यावरून दिलंय, १८७२ ते १८७६ च्या चॅलेंजर मोहिमेत ते जहाजावर नेव्हिगेशनला होते आणि ही गर्ता त्याच मोहिमेत पहिल्यांदा मोजली गेली. पकडलेले मासे साधारण ६,९०० ते ७,९६६ मीटरमधले.

दिसायला कसा, तर खरं सांगायचं तर निराशा होईल तुमची. बेडकाचं पिल्लू मोठं केल्यासारखा, गोल डोकं, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, फिकट गुलाबी रंग, अंगावर एक खवला नाही. सगळ्यात मोठा नमुना जेमतेम २९ सेंटीमीटर, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. कातडी इतकी पातळ की पोटातलं लिव्हर बाहेरून दिसतं. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. ना राक्षसी जबडा, ना दिवा, ना चिलखत. आणि हाच त्या ट्रेंचमधला सगळ्यात वरचा शिकारी आहे, त्याच्यापेक्षा मोठा कोणी मासा तिथे त्याला खायला येत नाही.

आता दाबाचं. दर दहा मीटरला साधारण एक ॲटमॉस्फिअर वाढतो हे शाळेत झालंय, म्हणजे ८,००० मीटरवर ८०० ॲटमॉस्फिअर, दर चौरस सेंटीमीटरवर आठशे किलोच्या वर. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक दांडगी म्हैस उभी आहे असं समजा. आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि तिथेच गफलत होते, कारण आपण मनात पाणबुडी धरून चालतो. पाणबुडी चिरडते कारण तिच्या आत आपल्याला लागणारी हवा असते, एकाच ॲटमॉस्फिअरची, आणि बाहेर आठशे. रिकामी बाटली झाकण लावून खाली सोडली तर चपटी होऊन येते, तीच पाण्याने काठोकाठ भरून सोडली तर तिला फारसं काही होत नाही. मासा ही भरलेली बाटली आहे. बऱ्याच माशांच्या पोटात तरंगायला हवेची पिशवी असते, स्नेलफिशला ती नसतेच, त्यामुळे आत दाबून चपटं व्हायला पोकळी कुठली नाही. आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखाच. आणि पाणी स्वतः एवढ्या खोलवर फक्त तीन-चार टक्के आकसतं. (जहाजावर एक जुना खेळ आहे, थर्माकोलच्या कपांवर नावं लिहून ते यंत्रासोबत जाळीत घालून खाली सोडायचे. वर येतात तेव्हा बोटाच्या पेरांएवढे झालेले असतात, कारण थर्माकोल म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच. त्याच्या शेजारी बांधलेला मासा होता त्याच साइजचा परत येतो.)

म्हणून "चिरडत कसा नाही" याचं उत्तर दोन ओळीत संपतं, पण खरा त्रास वेगळाच आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दाब प्रोटीनला त्रास देतो. शरीरातलं प्रत्येक एन्झाइम ही एक घडी घातलेली साखळी असते आणि काम करताना तिला जरा उघडबंद व्हावं लागतं, थोडी जागा लागते. दाब वाढला की आजूबाजूचे पाण्याचे कण त्या घडीच्या फटींमध्ये घुसायला लागतात, घडी विस्कटते, एन्झाइम ढिम्म होतं. दुसरीकडे पेशीभोवतीचा चरबीचा पडदा दाबाने घट्ट होत जातो, थंडीत तेल थिजतं ना तसा, आणि त्या पडद्यातून आत-बाहेर करणारी सगळी वाहतूक मंदावते, तिथे थंडी पण आहेच, पाणी एक ते अडीच अंशांचं. उथळ पाण्यातला मासा एवढ्या दाबात नेला तर त्याचं एक हाड मोडणार नाही पण नसा आणि स्नायू बंद पडून मरेल.

स्नेलफिश यावर काय करतो, तर अंगात एक केमिकल साठवतो. ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, लॅबमध्ये सगळे टीएमएओ म्हणतात. हे समुद्रातल्या साध्या माशांतही थोडं असतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे फक्त नाव माहीत नाही, कारण मासा शिळा झाला की बॅक्टेरिया त्याचंच ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तो जो टिपिकल वास येतो तो त्याचा. टीएमएओ आजूबाजूच्या पाण्याला स्वतःशी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे पाणी प्रोटीनच्या फटीत घुसायला मोकळं राहत नाही आणि घडी टिकते. उथळ पाण्यातल्या हाडाच्या माशांत हे किलोमागे साधारण ४०-५० मिलिमोल, आणि केर्माडेक ट्रेंचमध्ये ७,००० मीटरवर पकडलेल्या स्नेलफिशच्या मांसात भरलं ३८६. ही मोजणी पॉल यान्सी आणि मंडळींनी २०१४ मध्ये छापली.

आता इथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, आठलाच का थांबला, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच आहे. समुद्राच्या पाण्याची खारटपणाची मात्रा साधारण ११००, ऑस्मोलॅलिटीच्या युनिटमध्ये, म्हणजे पाण्यात एकूण किती कण विरघळलेत त्याचं माप. नेहमीच्या समुद्री माशाचं रक्त त्यामानाने बरंच पातळ, साडेतीनशेच्या आसपास, म्हणून त्याच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि तो समुद्राचं पाणी पिऊन, मीठ गिलमधून, म्हणजे कल्ल्यांतून, बाहेर टाकून हिशोब जमवतो. त्याची किडनी, गिल, सगळी यंत्रणा याच दिशेने बसवलेली. खोल जाल तसं टीएमएओ वाढवावं लागतं आणि टीएमएओ वाढलं की अंगातला द्रव दाट होत जातो. ७,००० मीटरवरच्या त्या स्नेलफिशचा आकडा होता ९९१. ही रेघ तशीच पुढे ओढली तर ८,००० ते ८,२०० मीटरच्या आसपास माशाचं अंग आणि समुद्र सारखेच खारट होतात. त्याच्या खाली गेलं तर उलटं होईल, समुद्राचं पाणी माशाच्या आत शिरायला लागेल, आणि सगळी यंत्रणा तर पाणी वाचवण्यासाठी बनलेली. म्हणजे दाबापासून वाचवणारं औषधच एका डोसनंतर नडतं.

आणि गंमत बघा, रेघ कागदावर ओढल्यावर निसर्गानेही जवळपास तिथेच ओढलेली निघाली. २००८ मध्ये जपान ट्रेंचमध्ये ७,७०३ मीटरवर स्नेलफिशचा आख्खा घोळका कॅमेऱ्यात आला, २०१७ मध्ये मारियानात ८,१७८ मीटरवर एक दिसला, आणि २०२२ च्या मोहिमेत इझु-ओगासावारा ट्रेंचमध्ये ८,३३६ मीटरवर एक छोटं पिल्लू एकटंच फिरताना शूट झालं, त्याच मोहिमेत जपान ट्रेंचमध्ये ८,०२२ मीटरवरून दोन मासे ट्रॅपमधून वरही आणले. त्या मोहिमेचे प्रमुख ॲलन जेमिसन यांनी आधीच ८,२०० ते ८,४०० च्या मध्ये कुठेतरी माशांची हद्द संपेल असं म्हटलं होतं. इझु-ओगासावाराचं पाणी मारियानापेक्षा किंचित ऊबदार आहे, अंशाच्या छोट्याशा भागाने, आणि तेवढ्यानेच जरा आणखी खाली जाता येतं असं त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं आहे, कारण थंडी आणि दाब दोन्ही पेशीच्या पडद्याला एकाच बाजूला ढकलतात.

पण टीएमएओ हीच सगळी गोष्ट आहे असं पण समजू नका. २०२५ मध्ये खोल समुद्रातल्या बऱ्याच माशांचे जीनोम, म्हणजे सगळे जीन, एकत्र बघितले गेले, त्यात ६,००० मीटरच्या खाली टीएमएओ तेवढ्या इमानदारीने वाढत जात नाही असं दिसलं, आणि ३,००० मीटरखालच्या बहुतेक माशांमध्ये, एकमेकांशी जवळचं नातं नसतानाही, आरटीएफ१ नावाच्या एकाच जीनमध्ये सेम बदल सापडला. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना टीएमएओची गोष्ट सांगतो पण "मुख्य संशयित" म्हणून सांगतो.

मग लोक १९६० काढतात. ट्रिएस्ट नावाच्या खोल बुडी मारणाऱ्या यानातून पिकार्ड आणि वॉल्श चॅलेंजर डीपच्या, म्हणजे मारियाना ट्रेंचमधल्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला गेले, जवळपास ११ किलोमीटर, आणि पिकार्डनी सांगितलं की खाली एक चपटा मासा बघितला. त्यांच्या धाडसाला सलाम, पण ते मासातज्ज्ञ नव्हते, खिडकी छोटी, तळाचा गाळ उडालेला, आणि त्यानंतर तिथे एवढे कॅमेरे जाऊन आले, एकातही मासा नाही. समुद्री काकडी असावी, असंच आमच्यातले बहुतेक मानतात. दुसरं नाव येतं ॲबिसोब्रोटुला गॅलाथीए या कस्क-ईलचं, म्हणजे ईलसारख्या लांबट माशाचं, १९७० मध्ये पोर्तो रिको ट्रेंचमध्ये ८,३७० मीटरवर पकडला म्हणून जुन्या यादीत असतो. तो जाळ्यात आला होता, आणि ते जाळं वर येताना उघडंच असायचं, म्हणजे वाटेत कुठल्याही खोलीवर मासा आत शिरलेला असू शकतो. मी तरी तो रेकॉर्ड धरत नाही.

खाण्याचं आता, आणि इथे जरा व्हिडिओच सांगतो. आमचं यंत्र असतं लँडर, धातूची चौकट, वर तरंगणारे गोळे, खाली वजनं, कॅमेरा, आणि कॅमेऱ्यासमोर बांधलेला बांगड्याच्या जातीतला एक मासा. दोरी-बिरी काही नाही, सोडून द्यायचं, तीन-चार तासांनी तळाला टेकतं. पहिली काही मिनिटं नुसता पिवळट गाळ आणि आमिष. मग एक अँफिपॉड येतो, कोलंबीचा दूरचा भाऊ समजा, मग दहा, मग इतके की आमिष दिसतच नाही, नुसता वळवळणारा गोळा, आणि काही तासांत त्या बांगड्याचा काटा उरतो. नवीन माणूस बघत असला की म्हणतो अरे स्नेलफिश आलाच नाही खायला. येतो तो नंतर, आरामात, शेपटी हलवत, आणि आमिषाकडे ढुंकून बघत नाही. थोबाड त्या गोळ्याशी नेतो, फटकन तोंड उघडतो, पाण्यासकट दोन-चार अँफिपॉड ओढून घेतो, बाजूला होतो, परत. पोटं चिरली तर तेच निघतं, जवळजवळ प्रत्येक पोटात अँफिपॉड, कुठे एखादी कोलंबी किंवा किडा. घशात दातांचा आणखी एक सेट असतो, चिरडायचं काम तिथे होतं, म्हणून तोंडात भयानक सुळे नसले तरी चालतं.

मग पुढचा प्रश्न येतोच की अँफिपॉड तिथे एवढे का. ट्रेंच म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी दरी. वरून जे काही पडतं, मेलेली शेवाळं, विष्ठा, प्राण्यांचे तुकडे, ते उतारावरून घसरत घसरत मध्याकडे गोळा होतं, आणि ट्रेंच जिथे असतात तिथे भूकंप कायमचे, प्रत्येक धक्क्याला कडेचा गाळ खाली येतो. त्यामुळे वरच्या सपाट तळापेक्षा ट्रेंचच्या आत काही बाबतीत जास्त खायला असतं. मारियानातला एक अँफिपॉड, हिरोंडेलिया गिगास, तर वाहून आलेलं लाकूड-पाला सुद्धा पचवू शकेल अशी एन्झाइम बाळगून आहे. वाईट बाजू ही की कचराही तसाच घरंगळतो, २०१७ मध्ये मारियाना आणि केर्माडेकच्या अँफिपॉडमध्ये पीसीबी नावाची विषारी औद्योगिक केमिकल्स भरपूर सापडली, जे बनवणं जगात बहुतेक ठिकाणी केव्हाच बंद झालंय. स्नेलफिश तेच खातो.

त्यात हेही बघा की सहा हजारच्या वरच्या पट्ट्यात ग्रेनेडिअर, कस्क-ईल असे मोठे मासे अन्नावर तुटून पडलेले असतात. ते सात हजारच्या आसपास संपतात. त्यांच्या खाली, आणि ८,२०० च्या वर, असा जो हजार-दीड हजार मीटरचा पट्टा उरतो तिथे पंगत भरपूर आणि हिसकावणारा कोणी नाही.

आता हा इथवर आला कुठून. स्नेलफिशच्या कुळात चारशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी किनाऱ्यावरच्या खडकांत, भरती-ओहोटीच्या डबक्यात राहतात. पोटाखाली एक चकती असते, त्याने दगडाला चिकटून बसतात म्हणजे लाटेने वाहून जायला नको. मारियानावाल्याच्या पोटाखाली ती चकती अजून आहे, लहानशी, जिथे ना लाटा आहेत ना खडकाला चिकटायची गरज. २०१९ मध्ये याचा जीनोम वाचला गेला, त्यावरून उथळ पाण्यातल्या तनाका स्नेलफिशपासून याची वाट साधारण २ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असा हिशोब निघाला. त्याच कामात आणखी दोन गोष्टी. हाडात कॅल्शिअम बसवण्याचं नियंत्रण करणारा बीग्लॅप जीन अर्धवट तुटलेला आहे, म्हणून सांगाडा बराचसा कुर्चेचा आणि कवटी पूर्ण बंद झालेलीच नाही, स्कॅनमध्ये वर उघडी दिसते. आणि उजेड ओळखणारे बरेच जीन गेलेत. अंधारात डोळ्यांचं काय काम, तो डोक्यावरच्या छिद्रांनी पाण्यातली हालचाल ओळखतो आणि छातीचे खालचे पर बोटांसारखे गाळात फिरवतो.

कातडीखाली जेलीचा थर असतो, जवळजवळ सगळं पाणीच. मी पहिल्यांदा चिरताना मला वाटलं सँपल खराब झालंय. ती जेली स्वस्तात शरीर गुबगुबीत करते, डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आकार निमुळता राहतो आणि पोहायला सोपं जातं, संशोधकांनी रोबो-स्नेलफिश बनवून शेपटीभोवती पाण्याची पिशवी लावून हे तपासलंय. स्नायू बनवायला अन्न लागतं, जेलीला फारसं लागत नाही.

अंडी मात्र थोडीच आणि दणदणीत, ९ मिलिमीटरच्या वर, वीतभर माशाच्या मानाने मोत्यांची माळच. भरपूर डबा बांधून दिलेलं पिल्लू आधीच मोठं बाहेर पडतं. याच कुळातल्या काही जाती तर किंग क्रॅबच्या गिलच्या पोकळीत अंडी घालतात, फुकटात खेळतं पाणी आणि वर संरक्षण, असले उद्योगी नातेवाईक आहेत याचे.

राहिला टँक. नाही, ठेवता येणार नाही. आठ किलोमीटर वर येताना हवेची पिशवी नसल्यामुळे तो फुटत नाही, पण जी प्रोटीनं आणि पडदे ८०० ॲटमॉस्फिअरला ट्यून केलेत ती एका ॲटमॉस्फिअरला ढिली पडतात, आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये एक-दोन अंशांच्या माशाला अठ्ठावीस-तीस अंशांचं पाणी लागतं. वर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. दाब तसाच राखून वर आणणारी भांडी असतात, छोट्या जीवांसाठी वापरतात, पण तो जाड धातूचा सिलिंडर असतो, काचेची पेटी नव्हे. वर आल्यावर अंगही सैल पडतं. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या वायव्येला पकडलेल्या ब्लॉबफिशचा तो लोंबत्या नाकाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय ना, तसलंच प्रकरण, खाली तो अगदी नॉर्मल माशासारखा दिसतो.

स्नेलफिशची जेली तर उबेने वितळायलाच लागते, आणि बरणीत अल्कोहोलमध्ये गेला की तो आकसून पांढरं रबर होतो, गुलाबी रंग गायब, लांबी कमी. म्हणून ट्रॅप डेकवर आला की कोणी बोलत बसत नाही, मासा थेट बर्फाच्या पाण्यात, मग पट्टीवर ठेवून फोटो, वजन, स्नायूचा तुकडा फ्रीजरला, आणि हे सगळं होईपर्यंत बोटांना जी थंडी लागते ती लागतेच.